नावं वाचली तो वर्षावास

आषाढ पौर्णिमा आठ दिवसांवर आली की आमच्या वाडीत पांढरे कपडे दिसू लागतात. बाहेर नाही, घरातच. पावसात बाहेर वाळत घालणार कुठे? मग पडवीत, माजघरात, टीव्हीच्या वर, जागा मिळेल तिथे दोऱ्या बांधल्या जातात आणि त्यांच्यावर पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पोरींचे पांढरे ड्रेस चार-चार दिवस लोंबत राहतात. त्यांना एक वास येतो. निळीचा, ओलीचा आणि थोडासा सुक्या बोंबलांचाही, कारण बोंबीलही त्याच घरात असतात. पूर्वी मला हा वास आवडायचा. आता तो आला की बसल्या जागी कसंसंच होतं. राग म्हणावा तर कुणाचा, आणि लाज म्हणावी तर नेमकी कशाची, हे दोन वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

आमची वाडी नागाव आणि रेवदंड्याच्या मधे, रस्त्याच्या वरच्या अंगाला. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, तेव्हापासूनची बौद्धवाडी. खाली नारळ-सुपारीच्या बागा आहेत, त्या दुसऱ्यांच्या. आमच्याकडे शिक्षण आणि नोकऱ्या आल्या. शिक्षक, पोस्टमन, एसटीचे कंडक्टर, आणि बंदराचा रस्ता मोठा झाल्यावर कंटेनरवरचे ड्रायव्हर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पनवेलला असते. वाडीत मला सगळे बाई म्हणतात. ज्यांना मी छडी मारलेली नाही तेसुद्धा.

वर्षावास म्हणजे पावसाचे तीन महिने. पूर्वी भिक्खू या दिवसांत फिरणं थांबवून एका ठिकाणी राहायचे. आमच्याकडे भिक्खू क्वचित येतात, पण माणसं विहारात जमतात. रोज संध्याकाळी साडेसातला वंदना, मग तासभर ग्रंथाचं वाचन, मग चहा. अकरा वर्षं ते वाचन मी करत आले. आवाज बरा आहे आणि बोट ठेवून वाचायची सवय आहे, एवढंच माझं भांडवल. पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, लाइट लपंडाव खेळत असते, समोर साठ-सत्तर माणसं मांडी घालून बसलेली असतात, आणि आपण वाचतोय ते त्या पावसातूनही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतंय, या सुखाची मला चटक लागली होती. हे आता कबूल करायला हरकत नाही.

पोहोचत होतं ते अर्थात अनंताभावजींमुळे. माझ्या नवऱ्याचे हे चुलतभाऊ. बारा वर्षं कंटेनर चालवला, मग तो सोडून रेवदंडा-अलिबाग मिनिडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवू लागले. विहारातला माईक आणि अॅम्प्लिफायर त्यांच्या ताब्यात. मशीन इतकं जुनं की दमट हवेत ते कुरकुरायचं. भावजी त्याच्या शेजारी उकिडवे बसून एक बोट बटणावर ठेवून असायचे. पाऊस वाढला की आवाज वाढवायचे, ओसरला की उतरवायचे. तासभर त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे नसायचं, पत्र्याकडे असायचं. ट्रकवर असताना ते पीत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक दिवस त्यांनी ते सोडलं. का सोडलं, ते मात्र कुणी विचारलं नाही. चांगल्या गोष्टीचं कारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

आमच्या विहाराची आणखी एक रीत आहे, ती सांगायलाच हवी. ज्यानं त्या दिवशी घेतलेली असते तो आत येत नाही. कुणी अडवत नाही त्याला. पाचवं शील, नशा न करण्याचं, म्हणायचं आणि तोंडाला वास, हे त्याचं त्यालाच पटत नाही. मग तो बाहेर चपलांपाशी, वळचणीखाली उभा राहतो आणि तिथून हात जोडतो. या प्रामाणिकपणाचं मला फार कौतुक होतं. पण त्यामुळे रोज कोण प्यायलाय ते साऱ्या वाडीला कळायचं, आणि ज्यांना आतलं ऐकायची खरी गरज होती ते बरोबर बाहेर असायचे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. पावसाळ्यात तर ही बाहेरची रांग वाढायची. नागावच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या बोटी आणि पाण्यावरच्या स्कूटर बंद, पोरं रिकामी. प्यायला माडी होतीच, त्यात गांजा आणि कसल्या कसल्या झोपेच्या गोळ्या आल्या होत्या. पोरं त्यांना बटण म्हणायची. माझे जुने विद्यार्थी मला बघून मूठ मिटायचे. पूर्वी त्या मुठीत चिंचा असायच्या.

मुमताज आली ती या पोरांच्या निमित्तानं. रेवदंड्याच्या मोहल्ल्यातली, तिशीची, एका संस्थेत काम करणारी. स्कूटीवर रेनकोट, रेनकोटाखाली स्कार्फ, आणि डिकीत नशेची आणि एचआयव्हीची माहितीपत्रकं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली. तिचा मोहल्ला आणि आमची वाडी, दोन्हींकडे तिचं काम. पहिल्याच दिवशी माझ्या ओटीवर बसून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे मी बोलायला गेले तर म्हणतात, ही बीमारी आपल्यात नसते. तुमच्याकडे गेले तर म्हणतात, आम्ही शीलं पाळतो. मग ही बीमारी राहते तरी कुठं? समुद्रात?"

मी हसले. मला ती आवडली. वाचन झाल्यावर दहा मिनिटं तिला द्यायची असं मी परस्पर कबूल करून टाकलं.

सेक्रेटरी मोहनराव, एसटीतून निवृत्त झालेले, सरळ मनाचा माणूस. त्यांनी परवानगी दिली, पण मुमताजनं माहितीपत्रक उघडून पहिलं चित्र दाखवलं तेव्हा त्यांना जो खोकला लागला तो थांबेना. शेवटी म्हणाले, "बाई, ताईंचं बोलणं चांगलंच हाय. पन ते मूर्तीसमोर नको. बाहेर पायरीवर बोला." म्हणजे शीलं आत आणि माहिती बाहेर. मुमताजनं छत्री उघडली आणि चपलांच्या ढिगात उभी राहून बोलू लागली. तिथं तिच्यासमोर कोण होतं? वळचणीखालची सगळी रांग. वास येणारी, डोळे तारवटलेली, आत न येणारी पोरं. ती पोरं आधी गालात हसली, मग ऐकू लागली, मग चौथ्या-पाचव्या दिवशी एकानं सुईबद्दल काही विचारलं. मोहनरावांच्या खोकल्यानं जे झालं ते आम्ही दोघींनी ठरवून झालं नसतं. मला अजून कळत नाही, याचं श्रेय कुणाला द्यायचं.

श्रावणातल्या एका रविवारी समाजमंदिरात एचआयव्हीची तपासणी झाली. मुमताजनं मला दहा वेळा बजावलं होतं. "रिपोर्ट ज्याचा त्याला. आईचा मुलाला नाही, नवऱ्याचा बायकोला नाही. इज्जतीचा सवाल आहे, मॅडम." मी म्हटलं, मी तीस वर्षं उत्तरपत्रिका कपाटात ठेवल्यात, मला काय शिकवतेस! टोकन देण्यासाठी नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी शाळेच्या हजेरीसारखी, वरच्या आळीपासून घरांच्या क्रमानं ती लिहिली. एक रकाना, सुवाच्य अक्षर. पाऊस होता तरी माणसं आली. भागाआजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, सगळ्यांत आधी हात पुढे करून बसल्या. "माझं रगत पयलं घ्या, मना भाकऱ्या टाकायच्यात." पोरं आली. ज्यांच्याबद्दल मला वाटलं होतं येणार नाहीत, तीही आली. दुपारी मी घरी गेले तेव्हा मला वाटत होतं की माझ्या आयुष्यात मी केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे.

आणि म्हणूनच संध्याकाळी ते झालं.

वाचन संपलं की आमच्याकडे दानदात्यांची नावं घेतात. आज तेल कुणाचं, मेणबत्त्या कुणाच्या, फुलं कुणाची, चहा कुणाचा. नाव घेतलं की सगळे हात जोडून म्हणतात, साधू, साधू, साधू. आपलं नाव माईकवरून पावसात घुमतं आणि साऱ्या वाडीचा आवाज त्यामागे येतो, यासाठी माणसं वर्षभर वाट बघतात. त्या दिवशी तेलाचं आणि चहाचं नाव झालं, आणि माझ्या मनात आलं की ज्यांनी आज भीती सोडून रक्त दिलं त्यांचंही हे दानच नाही का? रिपोर्ट गुप्त. पण धैर्य कशाला गुप्त ठेवायचं? यादी पिशवीत होती. मी ती काढली आणि वाचायला लागले.

किती छान वाटत होतं, ते मी आजही विसरू शकत नाही. एकेक नाव, आणि त्यामागे साधू, साधू, साधू. बाहेर उभ्या पोरांची नावं आली तेव्हा तर आतल्यांनी जरा जास्तच जोरात म्हटलं. एका पोराची आई पदरानं डोळे पुसत होती. मी घरामागून घर वाचत खाली येत होते. अनंताभावजींच्या घरापाशी आले. रंजनाचं नाव वाचलं, त्यांच्या बायकोचं. मग त्याखालचं, पुढच्या घराचं.

साधू म्हणायला वाडीला एक क्षण उशीर झाला.

पुढच्या रांगेतून भागाआजी म्हणाल्या, "बाई, अनंताचं ऱ्हायलं काय गो?"

त्यात काही वाकडं नव्हतं. त्यांना खरंच वाटलं, माझी ओळ चुकली. मीही बोट मागे नेऊन बघितलं. आणि मग मी जे केलं ते मी हजेरी घेताना हजार वेळा केलेलं होतं. मान वर करून, माईकमधून विचारलं, "अनंताभावजी, तुमचं राहिलं का?"

ते अॅम्प्लिफायरपाशी उकिडवे बसले होते. बोट बटणावर. म्हणाले, "गाडीवर व्हतो."

पण गाडी सकाळपासून त्यांच्या दारात उभी होती. क्लच गेलेला, चाकाखाली दगड लावलेला, साऱ्या वाडीनं येता-जाता पाहिलेला. विहारात माना वळल्या नाहीत, उलट सगळ्यांनी समोर बघितलं, आणि ते जास्त वाईट होतं. मी उरलेली नावं वाचून टाकली. तेवढ्या वेळात पाऊस दोनदा वाढला आणि दोनदा ओसरला, आणि भावजींनी दोन्ही वेळा आवाज बरोबर सांभाळला.

दुसऱ्या दिवशीपासून ते विहारात आले नाहीत.

रंजनानं मला सांगितलं ते पाचव्या दिवशी. मी त्यांच्या घरी गेले होते. काय सांगायला गेले होते ते मला माहीत नव्हतं, हातात उगाच अळूची पानं होती. ती भांडी घासता घासता बोलली, माझ्याकडे न बघता. भावजी सहा वर्षांपासून एचआयव्हीवरच्या, एआरटीच्या गोळ्या घेत होते. रोज एक, रात्री आठला; वर्षावासात ती खिशातून न्यायचे आणि माईकपाशी बसल्या बसल्या गुपचूप गिळायचे. ट्रकवर असताना कधीतरी लागण झाली. कळलं तेव्हा त्यांनी दारू सोडली, ट्रक सोडला. रंजनाला काही नव्हतं, ती तपासून आली होती आणि दर वर्षी तपासत होती. तब्येत इतकी छान की डॉक्टर पाठ थोपटायचे. ज्याला आपलं आधीच माहीत आहे तो कशाला तपासणीला येईल? मुमताजला हे ठाऊक होतं. तिनं मला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचंच नसतं.

मी म्हटलं, "रंजना, मी यादीत त्यांचं नाव वाचलं नाही गं."

ती म्हणाली, "तेच तर झालं ना, वयनी. बाकी सगल्यांची वाचलीत."

मग ती म्हणाली की तीन दिवस झाले, त्यांनी गोळी घेतली नाही. आणि आठच्या सुमाराला ते माडीच्या दुकानात असतात. ती स्वतः नागावच्या एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात कामाला. पर्यटक पावसातही येतात आणि पावसात जास्तच खातात, त्यामुळे साडेनऊच्या आत ती घरी येऊ शकत नाही. गोळ्यांची डबी तिथंच होती, देव्हारा असतो त्या जागी, मूर्तीच्या मागे. मी ती हातात घेतली नाही. मला भीती वाटली, डबीची नव्हे, मी आणखी कशाला तरी हात लावीन याची.

इथपर्यंत माझी चूक सरळ आहे. ती चूक आहे हे समजायला काही विद्वत्ता लागत नाही. माझा गोंधळ याच्या पुढे आहे.

झालं असं की पुढच्या महिन्यात मुमताजनं दुसरी तपासणी ठेवली, तर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आली. खालच्या आळीतली आली, शेजारच्या गावातल्या बौद्धवाडीतले आले. कारण काय? पहिल्यांदा नावं वाचली गेली होती. ज्यांचं वाचलं गेलं नव्हतं त्यांना रुखरुख लागली होती. काहींना भीतीही वाटली होती की आपलं नाव आलं नाही तर लोक अनंतासारखं आपल्याबद्दलही समजतील. भागाआजी दुसऱ्यांदा आल्या. "मागल्या बारीला माझं नाव वाचलात तवा मी शिंकत व्हते, मना आयकूच नाय आलं." मुमताजचे साहेब तिच्यावर खूश झाले. मी हात जोडून सगळ्यांना सांगितलं की या वेळी नावं वाचणार नाही, तर लोक नाराज झाले. एकजण तोंडावर म्हणाला, मग पयल्यांची कशाला वाचलीत?

त्या दुसऱ्या तपासणीत कुणाचं काय निघालं? मला माहीत नाही. मुमताज सांगणार नाही, मी विचारणार नाही. एकदा मात्र मी तिची स्कूटी एका घरासमोर बराच वेळ उभी पाहिली. घर कुणाचं ते इथेही सांगत नाही, आता एवढं शिकले आहे. त्या घरातलं तरुण माणूस आज कामावर जातं, हसतं, मला जयभीम घालतं. कदाचित मुमताज तिथे नुसती चहाला थांबली असेल. कदाचित माझ्या त्या मूर्खपणामुळे एक जीव वेळेत सापडला असेल. सापडला असेल तर मी भावजींना जे केलं त्याची फेड होते का? अशी फेड असते का? रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, तांदूळ निवडताना मला हे प्रश्न पडतात आणि मी खडे ताटात ठेवून तांदूळ टाकून देते.

मुमताजला मी म्हटलं, "तू मला शिव्या का देत नाहीस?"

ती म्हणाली, "दिल्या असत्या, मॅडम. पण मी तरी काय? लिस्ट तुमच्या हातात ठेवून मी घरी गेले. तौबा, इतकं समजावलं आणि कागद परत घ्यायचं विसरले."

भावजींनी दोन महिने गोळी घेतली नाही. भाद्रपदात ताप धरला. मग तोंड आलं, खाणं सुटलं, मग ते इतके सुकले की मिनिडोरच्या सीटवर पाठ टेकेना. गाडी दुसऱ्याला चालवायला दिली. वाडीतलं कुणी वाईट बोललं नाही. हेही मला समजलेलं नाही. कुणी बोललं असतं तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. लोक त्यांच्या दारावरून जाताना फक्त जरा भरभर जात. रंजनानं पाठवलेला कालवणाचा डबा कुणी परत केला नाही, पण पूर्वीसारखा मागितलाही नाही.

शेवटी एका सकाळी मुमताज त्यांच्या दारात स्कूटी घेऊन उभी राहिली. "चला," म्हणाली. भावजी म्हणाले, न्हाय. ती म्हणाली, "अनंताभाई, मी मोहल्ल्यातली बाई, परक्या मर्दाला मागे बसवून अलिबागला नेणार आहे. माझ्या सासरी काय काय ऐकून घ्यायचं ते मी ठरवून आलेय. आता तुम्ही नाही म्हणू नका." भावजी गळ्यात मफलर गुंडाळून तिच्या मागे बसले. दोघांमध्ये तिनं माहितीपत्रकांची पिशवी ठेवली होती. त्या जाणाऱ्या स्कूटीकडे बघताना मी रडले. आनंदानं की कशानं, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

गोळ्या परत सुरू झाल्या. पण गोळी सुरू करणं वेगळं आणि आठ वाजता घरात असणं वेगळं. वेळ बदलून घेता येते, मुमताजनं सांगितलं. रंजना म्हणाली, "गोलीची येल बदलंल, ताई. माडीची कशी बदलनार?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वयनी, आठ ते साडेनऊ तेवढं तुमच्याकडं बसवा त्यांना."

तिनं माफ केलं म्हणून सांगितलं की शिक्षा म्हणून, हे मी विचारलं नाही. मी हो म्हटलं.

तेव्हापासून ते येतात. मागच्या दारानं, आठला पाच कमी असताना. स्वयंपाकघरात पाटावर बसतात, खिशातून गोळी काढतात, मी पाणी देते. मग साडेनऊपर्यंत लसूण सोलतात, बातम्या ऐकतात, मिक्सर बिघडला तर उघडतात. बंदराबाहेर कंटेनरच्या रांगेत दोन-दोन दिवस कसे काढायचे ते सांगतात, भात कसा शिजवायचा, झोप कशी उडवायची. झोप उडवायला काय काय घ्यायचे तेही सांगतात. त्या यादीच्या दिवसाबद्दल एकदाच बोलले. मीच विचारलं होतं, राग आहे का माझ्यावर? लसणाची पाकळी बराच वेळ सोलत राहिले. "व्हय वाटतं कवा कवा," म्हणाले. "पन कवा वाटतं, बरं झालं, लपवायचं संपलं. मंग परत वाटतं, न्हाय, लपलेलंच बरं व्हतं. तुमी काय ते सांगा, तुमी शिकलेल्या." मी शिकलेली बाई सोललेल्या पाकळ्या वाटीत भरू लागले.

तब्येत पुन्हा भरली आहे. मिनिडोर पुन्हा ते चालवतात. पण विहारात येत नाहीत. मी एकदा हाताला धरून रस्त्यापर्यंत नेलं, तर वळचणीखालीसुद्धा उभे राहिले नाहीत. म्हणाले, "प्यालेलो न्हाय तर भायेर कशाला उभा राहू? आनि आत तर जावत न्हाय." त्यांना उभं राहायला आमच्या विहारात जागाच उरलेली नाही, हे मला तेव्हा कळलं.

वाडीत बोललं जातंच. विधवा बाई, रोज संध्याकाळी मागच्या दारानं चुलतदीर. मी ऐकून सोडून देते. माझ्या वयाला अशी वदंता म्हणजे एक प्रकारचा मानच आहे.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून वाचनातून सुटले. वाडीतल्या एका कॉलेजच्या मुलीनं वाचलं. यंदा ती नोकरीला पुण्याला गेली, आणि माझे डोळे उत्तम आहेत. परवा मोहनराव आले. छत्री पडवीत उघडी ठेवून ओटीवर बसले. मी चहा टाकला.

"बाई, यंदा वाचन तुमच्याशिवाय व्हायचं न्हाय. लोक इचारतात. तुमचा आवाज व्हता तवा विहार भरत व्हता."

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? पत्र्यावरचा पाऊस, ती साठ-सत्तर तोंडं, सगळं समोर आलं. साडेसात ते नऊ. मी नाही असा एक दिवस, दोन दिवस भावजी एकटे गोळी घेतीलही. पण तीन महिने? आठ वाजता माझं दार बंद दिसलं, तर त्यांचे पाय कुठे वळतील हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि हे कारण मी मोहनरावांना सांगणार कसं? सांगितलं तर परत एकदा तेच, त्यांचं नाव.

"मला जमणार नाही," मी म्हटलं.

"का पन? लोकांना काय सांगू मी? नुसतं जमत न्हाय म्हटलं तर बरं दिसत न्हाय. बाई रुसल्या म्हनतील."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. विचार केला असं म्हणता येणार नाही.

"सांगा, बाईंना रोज रात्री आठला गोळी असते. चुकवून चालत नाही."

मोहनराव म्हणाले, "बीपीची?"

मी साखरेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. भावजी अलिबागला जाऊन आले तेव्हापासून वाडीत आठच्या गोळीचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागच्या दाराकडे बघितलं, आणि चेहऱ्यावर एकामागून एक इतक्या गोष्टी आल्या की मला त्यांचीच दया आली. कप त्यांनी तोंडाला लावला होता. तो त्यांनी खाली ठेवला, मग उचलला, आणि एका घोटात सगळा चहा पिऊन टाकला. तोंड भाजलं असणार. छत्री घ्यायलाही विसरले, भिजतच गेले.

चौथं शील मी अकरा वर्षं माईकवरून म्हटलंय. असत्य बोलणार नाही. मी असत्य बोलले का? आठला गोळी असते, माझ्या घरात असते, आणि मला ती चुकवून चालत नाही. एकेक शब्द खरा आहे. तरीही ज्याला मी हे सांगितलं तो खोटं काहीतरी घेऊन गेला. त्यातून भावजींचं ओझं हलकं होणार, की गावाला परत आठवण होणार, याचा मला काहीच अंदाज नाही. मुमताजला फोन करून विचारावं असं वाटलं. मग वाटलं, ती पुन्हा स्वतःचीच चूक काढत बसेल.

संध्याकाळी आठला पाच कमी असताना मागच्या दारात भावजी उभे राहिले. आत येईनात. मिनिडोरमध्ये दिवसभर माणसं बसतात, वाडीतलं सगळं त्यांच्या कानावर जातं.

"वयनी, तुमी असं कशाला सांगितलंत?"

"काय खोटं सांगितलं?" मी म्हटलं. "असते ना आठला गोळी?"

ते उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. पावसाची झड त्यांच्या पाठीवर येत होती. एकदा हसले असं वाटलं, एकदा तसं वाटलं नाही. "आता तुमाला कोन आत घेनार?" ते म्हणाले.

"तुम्ही घ्या," मी म्हटलं. "आधी आत या. आठ वाजले."

ते आत आले. पाटावर बसले. खिशातून गोळी काढून तळहातावर धरून राहिले, आणि मी पाणी पुढे केलं तरी घेईनात. मी माझ्यासाठी दुसरा पेला भरला आणि त्यांच्यासमोर बसले. मग त्यांनी गोळी तोंडात टाकली, आणि आम्ही दोघं पाणी प्यायलो.